पाठदुखी सांभाळून लांब पल्ल्याची डोंगरयात्रा: रतनवाडी ते हरिश्चंद्रगड, सात किलोंच्या सॅकसह

राजगडाच्या पद्मावती माचीवर मुक्काम करून तोरण्याकडे निघण्याची ती सकाळ होती. आदल्या दिवशी गुंजवण्याहून चोर दरवाजाच्या वाटेने तेरा किलोंची सॅक घेऊन मी चढलो होतो आणि पाठीने काही तक्रार केली नव्हती. सकाळी थंडीत स्लीपिंग बॅगमधून उठलो, बसल्याबसल्या बूट पायात सरकवले आणि नाडी बांधायला वाकलो, तोच कमरेत अशी चमक भरली की पुढची वीस मिनिटे मला सरळ उभे राहता आले नाही. तोरणा राहून गेला. दोघा मित्रांनी माझे सामान वाटून घेतले आणि पाली दरवाजाच्या पायऱ्यांनी, एकेक पायरी जपत, मी खाली आलो. पुढे एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली चकती बाहेर सरकलेली दिसली.

पाठदुखी असलेल्या माणसाला डोंगरात कशाची भीती वाटते, असे विचारले तर तो चढाचे नाव घेतो. चढाने मला आजवर एकदाही आडवे केलेले नाही. दरवेळी कारण ठरले ते वजन आणि वाकणे, आणि ही दोन्ही एकमेकांना मिळालेली असतात. दिवसभर ओझ्याने थकलेली पाठ सकाळच्या एका साध्या वाकण्यात धरते. म्हणून गेली काही वर्षे मी सॅकचे ग्रॅम जसे मोजतो, तशीच दिवसातली वाकणीही मोजतो. या पद्धतीने रतनवाडीहून कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडापर्यंतची चार दिवसांची चाल कशी करता येते, ते पुढे क्रमाने दिले आहे. वाट दुसरी असली तरी तयारीचा क्रम बदलत नाही.

पहिले काम: दुखणे ओळखणे

तयारीची सुरुवात डॉक्टरांकडून व्हावी. पाय लुळा पडत असेल किंवा त्यातली ताकद दिवसेंदिवस कमी होत असेल, मांड्यांच्या आतल्या भागाला आणि बैठकीच्या जागेला बधिरपणा आला असेल, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला असेल, तर ट्रेकचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण मज्जातंतूंवरचा असा दाब वेळेत हटवला नाही तर नुकसान कायमचे राहू शकते. पाठदुखीबरोबर ताप येणे, कारण नसताना वजन घटणे, पडल्यानंतर दुखणे सुरू होणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे, रात्री पडून राहिल्यावरही दुखणे न थांबणे, यांपैकी काहीही असले तरी आधी तपासणी आणि मग बाकीचे.

बहुतेकांचे दुखणे या प्रकारातले नसते. चालते-फिरते राहिल्याने ते निवळते आणि अंथरुणाला खिळून राहिल्याने लांबते, हे आता वैद्यकातही सर्वमान्य आहे. पण चालताना आपली पाठ नेमकी कशाने दुखते, हे माहीत असल्याखेरीज वाट ठरवू नये. ढोबळमानाने दोन तऱ्हा दिसतात. चकतीचे दुखणे असलेल्याला वाकल्याने, फार वेळ बसल्याने, खोकल्या-शिंकल्याने त्रास होतो आणि चालायला लागल्यावर मोकळे वाटते. मणक्यातली नलिका अरुंद झाली असेल, आणि हे बहुधा उतारवयात होते, तर उलट घडते: उभे राहून, चालून पाय भरून येतात, जड होतात आणि बसल्यावर किंवा पुढे झुकल्यावर आराम पडतो. पहिल्या तऱ्हेच्या माणसाला मुक्कामाची जागा आणि परतीचा बसप्रवास जड जातो. दुसऱ्या तऱ्हेच्या माणसाला लांब उतार जड जातो, कारण उतरताना कमरेला आपोआप मागे बाक येतो आणि अरुंद नलिका आणखी आवळली जाते. त्याने चढ काठ्यांवर किंचित झुकून चढावा आणि उतारावर दर वीस मिनिटांनी दगडावर बसावे. माझे दुखणे पहिल्या तऱ्हेचे असल्याने पुढचा तपशील त्या बाजूला थोडा झुकलेला आहे.

बारा आठवड्यांची तयारी

तयारीला तीन महिने लागतात. दोन आठवड्यांत हे उरकता येईल असे सांगणाऱ्यावर विसंबू नये.

पहिले चार आठवडे फक्त सपाटीवर, रिकाम्या पाठीने चालावे. रोज अर्ध्या तासापासून सुरुवात करून चौथ्या आठवड्यात एका तासावर यावे. बरोबरीने पाठीला आधार देणाऱ्या स्नायूंचे तीन व्यायाम करावेत. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात मणक्याच्या यांत्रिकीचा अनेक वर्षे अभ्यास केलेले स्टुअर्ट मॅकगिल यांनी हे त्रिकूट रूढ केले. पहिल्यात पाठीवर झोपून एक गुडघा दुमडायचा, दोन्ही हात कमरेच्या बाकाखाली ठेवायचे आणि डोके व खांदे जमिनीपासून जेमतेम उचलायचे; कमरेचा बाक हलता कामा नये. दुसऱ्यात कुशीवर होऊन कोपर आणि गुडघ्यांवर अंग उचलून धरायचे. तिसऱ्यात हात-गुडघ्यांवर ओणवे होऊन उजवा हात आणि डावा पाय, मग डावा हात आणि उजवा पाय, असे जमिनीला समांतर ताणायचे. प्रत्येक स्थिती आठ ते दहा सेकंद धरावी, सोडावी आणि पुन्हा घ्यावी. फेऱ्या वाढवाव्यात, धरण्याचा वेळ वाढवू नये. फिजिओथेरपिस्टसमोर एकदा करून दाखवून चुका काढून घेतल्या तर फार बरे, कारण ओणव्या स्थितीत कंबर खाली पडते आहे हे आपले आपल्याला कळत नाही. या व्यायामांनी दुखणे पायात उतरू लागले, तर ते तिथेच थांबवून पुन्हा सल्ला घ्यावा.

पाचव्या आठवड्यापासून सॅक घ्यावी, पण तीत दोन किलोच. पाण्याच्या बाटल्या भरून घ्याव्यात, म्हणजे दुखू लागल्यास वाटेत ओतून देता येतात. दर आठवड्याला अर्धा ते पाऊण किलो वाढवावा, म्हणजे बाराव्या आठवड्यापर्यंत पूर्ण वजन गाठता येते. पुण्यातल्यांनी पर्वतीच्या पायऱ्यांपासून आरंभ करून सातव्या-आठव्या आठवड्यात आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढावा. तो सुमारे ६०० मीटरचा सलग चढ आहे आणि तेवढाच उतार परत करावा लागतो, म्हणून परीक्षा म्हणून उत्तम. माझा नियम असा आहे की पूर्ण वजनासह सिंहगड सलग दोन दिवस चढून-उतरून तिसऱ्या सकाळी पाठ आखडली नसेल, तरच रतनवाडीची गाडी ठरवायची. एक दिवसाच्या ट्रेकवरून चार दिवसांचा अंदाज येत नाही. दुखणे येते ते बहुधा दुसऱ्या सकाळी.

सॅकमधले ग्रॅम

जगभरच्या पदयात्रींमध्ये अन्न, पाणी आणि इंधन वगळून उरलेल्या सामानाच्या वजनाला मूळ वजन मानण्याची रीत आहे. ते साडेचार किलोंच्या आत असेल तर अतिहलके आणि नऊ किलोंच्या आत असेल तर हलके समजतात. अमेरिकेतल्या सुमारे ३,५०० किलोमीटरच्या अ‍ॅपलाचियन वाटेवर १९५५ साली एमा गेटवूड ही ६७ वर्षांची आजी घरी शिवलेली पिशवी खांद्यावर टाकून एकटी चालून गेली, तेव्हा हे शब्दही रूढ नव्हते. पाठदुखीवाल्याने साडेचार किलोंचा आकडा हौस म्हणून पाहू नये. त्यामागे साधे यंत्रशास्त्र आहे. पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम पाच-सहा सेंटीमीटरवरून ओढ देतात. एक किलोची वस्तू मणक्यापासून तीस सेंटीमीटर दूर असेल, तर तिला तोलायला स्नायूंना पाच-सहा किलोंइतका जोर लावावा लागतो, आणि तो सगळा जोर चकतीवर दाब बनून येतो. सहा किलो कमी केले तर पाठीवरून प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट दाब उतरतो.

स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्यावा आणि प्रत्येक वस्तू त्यावर ठेवून वहीत लिहावी. अंदाजावर विसंबू नये. माझी स्टीलची बाटली रिकामीच ३८० ग्रॅम भरली, आणि तिच्या जागी बाजारातल्या पाण्याची एक लिटरची प्लॅस्टिक बाटली ३५ ग्रॅमची आली. सध्याची माझी यादी अशी आहे: सॅक ९०० ग्रॅम, स्लीपिंग बॅग ७५०, फोमची मॅट ३५०, पावसाचा आणि अंथरायचाही पोंचो २५०, कपड्यांचा एक बदल, मोजे, लोकरीची टोपी आणि उबदार अंगरखा मिळून १,०१०, हलक्या चपला ३००, पॉवर बँक २२०, औषधे आणि पट्ट्या २००, दात घासण्याचे वगैरे सामान १००, हेडटॉर्च ८०, चाकू आणि दोरी ६०, पाठ चोळायचा रबरी चेंडू ५०. बेरीज ४ किलो २७० ग्रॅम. वर सातशे ग्रॅम खाऊ आणि बाटल्यांसकट दोन लिटर पाणी धरले की सात किलो ४० ग्रॅम होतात. पाठ दुखरी असताना एकूण ओझे आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास राहावे, असे माझे मत आहे. पंधरा टक्क्यांच्या पुढे तर जाऊच नये.

यात तंबू नाही, स्टोव्ह नाही, भांडी नाहीत, शिधाही नाही. ही चैन सह्याद्रीतच परवडते. रतनवाडी, कुमशेत, पाचनई या तिन्ही गावांत घरगुती जेवण आणि पडवीत झोपायची सोय होते, मात्र आधी फोन करून ठेवावा, कारण अवेळी दारात उभे राहून चार माणसांची भाकरी मागणे हे त्या मावशीवर अन्यायाचे आहे. नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, पिठले, ठेचा असा गरम घास मिळतो आणि पाठीवरचे दोन-तीन किलो गावातच राहतात. वाटेसाठी दशम्या, खजूर, गूळ-शेंगदाणे, चिक्की आणि एक पुडी सातूचे पीठ पुरते.

मॅटवर मात्र वजन वाचवू नये. कंबरेएवढी कापून घेतलेली अर्धी मॅट धडधाकट माणसाला चालते. दुखऱ्या पाठीला पायांखालीही ती हवी, कारण थंड जमिनीवर पाय आखडले की त्यांचा ताण कमरेला पोचतो. चपलांबद्दलही माझे हेच मत आहे. मुक्कामाला बूट काढता आले की पाय मोकळे होतात, आणि रात्री उठताना नाडीसाठी वाकावे लागत नाही.

सॅक अंगाला बसवणे

सॅक विकत घेताना लिटर पाहण्याआधी पाठीची लांबी मोजावी. मान पुढे झुकवल्यावर मानेच्या मुळाशी जे हाड वर येते, तिथपासून कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या माथ्यांना जोडणाऱ्या रेषेपर्यंतचे अंतर म्हणजे ही लांबी. दुकानात सॅकमध्ये सात-आठ किलो भरून घ्यावे आणि वीस मिनिटे तिथेच हिंडावे.

पट्टे आवळण्याचा क्रम ठरलेला असावा. सगळे पट्टे सैल करून सॅक चढवावी. आधी कंबरपट्टा, तोही पोटावर न घेता कमरेच्या हाडांच्या माथ्यावर मध्यभागी येईल असा घट्ट करावा. मग खांद्याचे पट्टे सॅक अंगाला टेकेल इतकेच ओढावेत. त्यानंतर खांद्याच्या वरचे छोटे पट्टे किंचित आवळावेत. ते खांद्यापासून सॅककडे साधारण पंचेचाळीस अंशांत चढते असावेत. शेवटी छातीपट्टा. बरोबर बसले असेल तर खांद्याच्या पट्ट्याखालून बोट सहज फिरते, कारण भार कमरेच्या हाडांवर गेलेला असतो. खिंडीच्या चढावर तासाभराने कंबरपट्टा सैल होतो आणि आपल्या नकळत ओझे खांद्यांवर येते. म्हणून प्रत्येक थांब्यानंतर तो पुन्हा पाहावा.

भरताना स्लीपिंग बॅग तळाशी, पाण्यासारख्या जड वस्तू पाठीला चिकटून मधल्या उंचीवर, कपडे त्यांच्या बाहेरच्या बाजूला. वरच्या कप्प्यात फक्त पोंचो आणि खाऊ. बाहेर काही लटकवू नये. डोईवर हंडा घेऊन डोंगर चढणाऱ्या बायकांकडे पाहिले की ओझे शरीराच्या उभ्या रेषेत असण्याचा अर्थ समजतो.

वाट आणि मुक्काम

रतनगड ते हरिश्चंद्रगड ही जुनी, नावाजलेली वाट आहे. धडधाकट मंडळी ती तीन दिवसांत करतात आणि पहिली रात्र रतनगडाच्या गुहेत काढतात. पाठ दुखरी असेल तर चार दिवस घ्यावेत आणि वाट अशी बेतावी की प्रत्येक मुक्कामाला मोटारीचा रस्ता असेल. चार दिवसांच्या मापाने हीच वाट निवडण्याचे मुख्य कारण तेच: कुमशेत आणि पाचनई दोन्हीकडून राजूरकडे रस्त्याने बाहेर पडता येते. पाठ धरली तर सकाळी जीप शोधायची, डोंगरात अडकून पडायचे नाही.

पहिल्या दिवशी शेंडीमार्गे रतनवाडीला पोचून सॅक मुक्कामाच्या घरी ठेवावी आणि पाणी व खाऊ असलेली लहान पिशवी घेऊन रतनगड पाहून यावा. गडाच्या शेवटच्या टप्प्यावर लोखंडी शिड्या आहेत. पाठीवर मोठी सॅक असताना शिडी चढणे म्हणजे ओझ्याने मागे खेचले जात असताना हातांनी अंग ओढणे, आणि दुखऱ्या पाठीला हेच नको असते. शनिवार-रविवारी शिड्यांवर गर्दी साचते, तेव्हा मधल्या वारी निघणे चांगले. वरचे नेढे, म्हणजे कातळाला आरपार पडलेले भोक, पाहून अंधारापूर्वी खाली यावे. अमृतेश्वराच्या मंदिरात थोडे बसावे, ते शिल्प घाईने पाहण्याचे नाही.

दुसरा दिवस सर्वांत लांब. रतनगडाच्या वाटेवरच, प्रवरेच्या काठाने थोडे गेल्यावर एक फाटा कात्राबाईच्या खिंडीकडे जातो. दाट झाडीतून चढ चढून खिंड लागते आणि पलीकडे आजोबाच्या डोंगराचा कडा उजव्या हाताला ठेवत कुमशेतला उतरावे लागते. माझ्या सावकाश चालीने सात तास लागतात. येथे वाटाड्या घ्यावाच. रानात ढोरवाटा फुटतात, आणि चुकलेल्या वाटेचा जादा तास दुखऱ्या पाठीला फार महाग पडतो. वाटाड्या दादांना आधीच सांगून ठेवावे की आपण हळू चालणार आहोत आणि दर पाऊण तासाने थांबणार आहोत.

तिसऱ्या दिवशी कुमशेतहून मुळेचे पात्र ओलांडून, पेठेच्या वाडीवरून पाचनई. चाल मध्यम आहे. पात्रातल्या गोट्यांवर मात्र घाई करू नये. चौथ्या दिवशी पाचनईहून कड्याच्या पोटातून जाणाऱ्या वाटेने हरिश्चंद्रगड. गडाच्या सगळ्या वाटांत ही सोपी. मंदिर, केदारेश्वराची गुहा आणि कोकणकडा पाहून पाठ ठणठणीत असेल तर टोलार खिंडीने खिरेश्वरला उतरावे. खिंडीच्या वरचा कातळटप्पा रेलिंग असूनही दोन्ही हात मागतो. जराही शंका असेल तर आल्या वाटेने पाचनईला परतावे. बेलपाड्याहून येणारी नळीची वाट पाठदुखीवाल्याने मनात आणू नये. मोठमोठ्या धोंड्यांवरून उड्या आणि अंग मुरडणे तिथे टळत नाही.

हंगाम नोव्हेंबर ते जानेवारी. पावसाळ्यात निसरड्यावर पाय सटकल्याचा हिसका सात किलो वजनापेक्षाही वाईट, आणि होळीनंतर ओढे आटल्यावर पाण्याचे वजन दुप्पट वाहावे लागते. हा सगळा प्रदेश कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, म्हणून प्रवेश आणि मुक्कामाचे त्या वेळचे नियम गावातच विचारून घ्यावेत.

वाकणी मोजणे

एका ट्रेकमध्ये मी दिवसभरातली वाकणी मोजली. सॅक उतरवणे-चढवणे, बाटली काढणे, टाक्यातून पाणी भरणे, नाडी बांधणे, बसून जेवणे आणि उठणे, मॅट पसरणे, सामान उचलणे, शौचाला बसणे असे सगळे धरून आकडा सत्तरच्या वर गेला. त्यातली निम्मी टाळता येतात आणि उरलेली नीट करता येतात.

सॅक जमिनीवर ठेवूच नये. कमरेएवढ्या उंचीचा दगड, पार किंवा बांध दिसला की तिथेच थांबा घ्यावा, मग तो पाऊण तासाऐवजी अर्ध्या तासाने आला तरी हरकत नाही. सॅक त्यावर टेकवून पट्टे सोडावेत आणि निघताना तिच्याकडे पाठ करून, गुडघे किंचित वाकवून हात घालावेत. तसा दगड नसेल तर एक पाय पुढे टाकावा, सॅक पकडून आधी मांडीवर घ्यावी, एक हात पट्ट्यात घालावा आणि मग ती पाठीवर सरकवावी. जमिनीवरून एका झटक्यात खांद्यावर फेकण्याची तरुणपणीची सवय सोडावी. कंबर वाकलेली आणि वळलेली असताना झटका बसणे हे चकतीला सर्वांत घातक.

पाण्याची बाटली कंबरपट्ट्याजवळच्या खिशात किंवा खांद्याच्या पट्ट्याला बांधलेल्या पिशवीत असावी, म्हणजे ती काढायला सॅक उतरवावी लागत नाही. टाक्यातून किंवा ओढ्यातून पाणी घेताना एक गुडघा जमिनीला टेकून बसावे. खोल टाके असेल तर बाटलीच्या गळ्याला दोरी बांधून सोडावी. यादीतल्या दोरीचा हा खरा उपयोग. बूट बांधताना पाय वर न्यावा, कंबर खाली नेऊ नये: पायरीवर किंवा दगडावर पाऊल ठेवून, पाठ सरळ ठेवत नाडी बांधावी. शिंक येणार असे वाटले की उभे राहून काठी रोवावी आणि पोट आवळून शिंकावे. उकिडवे बसण्याची वेळ येते तेव्हा दोन्ही काठ्या समोर रोवून त्यांच्या आधाराने बसावे व उठावे. याचा उल्लेख कुणी करत नाही, पण सकाळच्या आखडलेल्या पाठीला उघड्यावर सर्वांत मोठी अडचण हीच येते.

काठ्या दोन हव्यात. सपाटीवर कोपर काटकोनात राहील एवढी लांबी, चढाला पाच-सात सेंटीमीटर कमी, उताराला तेवढीच जास्त. उतारावर आधी काठ्या, मग पाऊल. पावले लहान टाकावीत. एका उंच दगडी पायरीवरून धप्पकन उतरण्याऐवजी बाजूची दोन छोटी पावले घ्यावीत. प्रत्येक थांब्यावर सॅक काढून, हात कमरेच्या मागे टेकवून, पाच वेळा हळूच मागे झुकावे. ज्यांना मागे झुकल्याने त्रास होतो त्यांनी त्याऐवजी बसून गुडघ्यांवर हात टेकवून पुढे झुकावे.

रात्र आणि पहिला तास

झोपेत चकत्या पाणी शोषून फुगतात, इतक्या की सकाळी माणूस रात्रीपेक्षा सेंटीमीटरभर उंच भरतो. त्या वेळी चकती तंग असते आणि वाकण्याने तिच्यावर एरवीपेक्षा जास्त ताण येतो. माझा राजगडावरचा प्रसंग असा सकाळी सहाला का घडला, हे मला हे कळल्यावर उमगले. म्हणून उठल्यावर पहिला तास कमरेतून वाकायचे नाही, हा नियम पाळावा. रात्रीच सॅक भरून ठेवावी. सकाळी फक्त स्लीपिंग बॅग आणि मॅट आत जाईल. बूट ओट्याच्या कडेवर ठेवावेत. मॅटवरून उठताना आधी कुशीवर व्हावे, हाताने रेटा द्यावा आणि मगच बसावे. चहा होईपर्यंत अंगणात दहा मिनिटे चालावे.

सारवलेल्या पडवीत झोपताना उताणे असाल तर रिकामी सॅक गुंडाळून गुडघ्यांखाली, कुशीवर असाल तर अंगरखा घडी करून गुडघ्यांच्या मध्ये घ्यावा. कमरेच्या स्नायूत गाठ वाटली तर भिंत आणि पाठ यांच्यामध्ये रबरी चेंडू धरून हळू घोळवावा. मणक्यावर मात्र तो येऊ देऊ नये.

पाठ धरली तर

आधी थांबावे. पोटावर किंवा गुडघे वर घेऊन पाठीवर, ज्या स्थितीत सुसह्य वाटेल त्या स्थितीत दहा-पंधरा मिनिटे पडावे, मग उठून हळूहळू चालून पाहावे. सामान सोबत्यांनी वाटून घ्यावे. हे निघण्याआधीच ठरलेले असले की मागताना संकोच वाटत नाही. गोळी डॉक्टरांनी सांगून दिलेलीच घ्यावी. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारखी औषधे उपाशीपोटी आणि पाणी कमी पडलेल्या अंगाने घेऊ नयेत, कारण तशात जठराला आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. गोळीने दुखणे दबले म्हणून पुढचा टप्पा गाठायलाही जाऊ नये. ती जवळच्या रस्त्यापर्यंत पोचण्यासाठी आहे. कंबरेपुरते राहिलेले दुखणे सोबत घेऊन सावकाश चालता येते. तेच मांडीतून पोटरीत, पावलात उतरू लागले, तर यात्रा पुढच्या गावात थांबवावी. पाऊल उचलता येईनासे झाले किंवा सुरुवातीला सांगितलेले बधिरपण आले, तर रुग्णाला चालवू नये; रेंज मिळेल तिथे एकाने जाऊन १०८ ला फोन करावा आणि गावातल्या माणसांना डोलीसाठी हाक द्यावी.

परतीचा प्रवास यात्रेचाच भाग धरावा. चार दिवस चाललेली पाठ जीपमध्ये आणि एसटीत पाच-सहा तास दुमडून बसवली की घरी पोचेपर्यंत आखडते. टॉवेलची गुंडाळी कमरेच्या बाकामागे ठेवावी, गाडी थांबेल तिथे उतरून चार पावले चालावे आणि सॅक टपावर किंवा मांडणीवर स्वतः फेकू नये, दुसऱ्याकडून ठेवून घ्यावी. दुसऱ्या दिवशी अर्धा तास सपाटीवर चालावे, तिसऱ्या दिवसापासून ते तीन व्यायाम पुन्हा सुरू करावेत आणि वहीत दोन गोष्टी लिहून ठेवाव्यात: सॅकमधली कोणती वस्तू चार दिवसांत एकदाही बाहेर निघाली नाही, आणि कोणत्या वाकण्याला पाठ दुखली.